फोलिक नव्हे, फोलिनिक

भोगीच्या दिवशी न्हाताना मानेच्या मागच्या बाजूला हाताला काहीतरी लागलं. केसांच्या मुळाशी, उजवीकडे दोन आणि डावीकडे एक, हरभऱ्याएवढ्या गाठी. दुखत नव्हत्या, बोटाखाली सरकत होत्या. आठवडाभर अंग मोडून येत होतं, संध्याकाळी जरा कणकण वाटायची. पण पाचवा महिना लागलेला, त्यात एका जाडजूड चरित्राची तिसरी प्रुफं माझ्या टेबलावर. थकव्याला वेगळं कारण शोधावं असं वाटलंच नाही. सासूबाईंना गाठी दाखवल्या. त्यांनी चाचपून बघितलं आणि म्हणाल्या, "हळदीकुंकवाचं मी बघते. तू आधी डॉक्टरांकडे जा."

मी मुद्रितशोधक आहे. अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका प्रकाशन संस्थेत गेली नऊ वर्षं प्रुफं वाचते. कागद टाकून न देण्याची सवय तिथलीच. त्या सवयीचा पुढे किती उपयोग झाला ते सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

डॉक्टरांनी गाठी तपासल्या आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. घरात मांजर आहे का? मटण कुठे अर्धवट भाजलेलं खाल्लं का? बागकाम करता का? न धुतलेलं काही तोंडात गेलं का? मग फाइल उघडून म्हणाल्या, "टॉर्चचा जुना रिपोर्ट असेल ना?" टॉर्च म्हणजे पोटातल्या बाळाला बाधू शकणाऱ्या काही संसर्गांची रक्ततपासणी. होता. त्याआधी माझा एक गर्भपात झाला होता, म्हणून आधीच्या दवाखान्यात नवव्या आठवड्यात ती सगळी तपासणी करून घेतली होती. या डॉक्टरांचं मत असं की गर्भपाताचं कारण शोधायला ती तपासणी करायची गरज नव्हती. पण त्या कागदावर टॉक्सोप्लाझ्माच्या दोन ओळी होत्या, आयजीजी निगेटिव्ह आणि आयजीएम निगेटिव्ह. म्हणजे लागण झाल्यावर शरीर तयार करतं ती दोन्ही प्रतिपिंडं तेव्हा रक्तात नव्हती. तीच तपासणी पुन्हा केली. तिसऱ्या दिवशी दोन्ही पॉझिटिव्ह आल्या.

म्हणजे नवव्या आठवड्यात जे शरीरात नव्हतं, ते विसाव्या आठवड्यात होतं. लागण गरोदरपणातच झाली होती, यात शंकेला जागाच उरली नाही. जुना कागद नसता तर हे इतकं स्पष्ट कळलं नसतं.

टॉक्सोप्लाझ्मा हा विषाणू नाही, जिवाणूही नाही. एकपेशीय परजीवी आहे. १९०८ साली ट्युनिसमध्ये गुंडी नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात तो सापडला. आकार बाकदार, म्हणून ग्रीकमधल्या धनुष्याच्या शब्दावरून त्याचं नाव पडलं. तो वाढतो कुठल्याही उष्ण रक्ताच्या प्राण्यात, पण त्याची अंडी म्हणावीत अशा ऊसिस्ट तयार होतात त्या फक्त मांजराच्या कुळात. हे कोडं सुटायला १९७० साल उजाडावं लागलं. ते सोडवणाऱ्यांत जे. पी. दुबे हे मूळचे भारतीय पशुवैद्यक शास्त्रज्ञ होते, हे कळल्यावर मला उगाच आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

एरवीच्या धडधाकट माणसाला यानं फारसं काही होत नाही. बहुतेकांना लागण झाल्याचं कळतही नाही. एकदा होऊन गेली की सहसा जन्मभराची प्रतिकारशक्ती येते, आणि आधी कधीतरी होऊन गेलेल्या बाईच्या पोटातल्या बाळाला धोका जवळजवळ नसतो. प्रश्न येतो तो पहिली लागण नेमकी त्या नऊ महिन्यांत झाली तर. तिथेही हिशेब विचित्र आहे. पहिल्या तिमाहीत वारेतून बाळापर्यंत पोचण्याची शक्यता कमी, ढोबळमानाने शंभरात दहा-पंधरा, पण पोचला तर इजा मोठी. शेवटच्या तिमाहीत शक्यता साठाच्या वर, पण इजा बहुधा सौम्य. मी मधोमध होते. डॉक्टर म्हणाल्या, "चारातली एक धरा." तो आकडा घेऊन मी घरी आले. त्या रात्री आमच्या घरात कोणाला झोप लागली नाही.

लागण कुठून झाली ते शोधत बसू नका, असं त्यांनी बजावलं होतं. पण मन थांबतं का? डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी आम्ही सासवडकडे एका शेतावर हुरड्याला गेलो होतो. आगटीतला हुरडा तर भाजलेलाच. पण त्याआधी बांधावरून चालताना मी वाफ्यातलं एक गाजर उपटलं, माती झटकली, ओढणीला पुसलं आणि खाल्लं. ते गाजर मला आजही लख्ख आठवतं. त्याच्या टोकाला दुभंगलेली दोन मुळं होती आणि त्या बेचक्यात माती राहिली होती. ओलसर मातीत ऊसिस्ट वर्षभरसुद्धा तग धरतात. त्या गाजरामुळेच झालं का, हे कोणीच सांगू शकणार नाही. आमच्या गच्चीतल्या कुंड्यांमध्येही सोसायटीच्या मांजरी माती उकरायच्या आणि मी तिथे उघड्या हातांनी मेथी पेरत होते.

त्या मांजरींवरून सोसायटीत मोठं रामायण झालं. बातमी फुटल्यावर खालच्या मजल्यावरच्या काकांनी मांजरी पोत्यात घालून सोडून यायचं ठरवलं. मी स्वतः जाऊन थांबवलं. मांजर आयुष्यात साधारण पहिल्या लागणीनंतर एक ते तीन आठवडेच विष्ठेतून ऊसिस्ट टाकतं, आणि ताज्या विष्ठेतल्या ऊसिस्ट लगेच बाधत नाहीत, त्यांना पिकायला किमान एक दिवस लागतो. केसांनी तर हा रोग होतच नाही. घरात मांजर असेल तर गरोदर बाईने त्याचा मातीचा ट्रे साफ करू नये, दुसऱ्या कोणीतरी तो रोजच्या रोज साफ करावा, मांजराला कच्चं मांस घालू नये. एवढं पुरतं. उलट आपल्याकडे लक्ष द्यायला हवं ते विळीकडे आणि सुरीकडे. मटण आपण कुकरला चांगलं शिजवतो, त्यात हा जीव टिकत नाही. पण ज्या पाटावर ते कच्चं कापलं त्याच पाटावर न धुता कोथिंबीर आणि कांदा चिरला, तर शिजवण्याचा काय उपयोग?

रक्ताचा रिपोर्ट आला त्याच संध्याकाळी औषध सुरू झालं. स्पायरामायसिन, ३० लाख युनिटची गोळी, दिवसातून तीनदा, उपाशीपोटी. (मी माझा डोस लिहिते आहे, कोणी बघून घेऊ नये.) हे औषध वारेत भरपूर साठतं, पण तिच्यापलीकडे बाळापर्यंत फारसं जात नाही. म्हणजे परजीवी अजून उंबऱ्यातच असेल तर त्याला तिथेच अडवण्याचं काम ते करतं. आत शिरला असेल तर त्याचा जोर चालत नाही. फ्रान्समध्ये या रोगावर कित्येक दशकं काम झालं आहे. तिथे ज्या गरोदर बायकांना आधी लागण झालेली नसते त्यांची दर महिन्याला रक्ततपासणी होते, ती याचसाठी, की लागण झाली तर काही आठवड्यांच्या आत कळावं. २००७ साली 'लॅन्सेट'मध्ये बऱ्याच देशांतल्या नोंदी एकत्र करून केलेला अभ्यास आला. त्यात आईला लागण झाल्यापासून तीन आठवड्यांच्या आत औषध सुरू झालेल्या गटात बाळांना लागण कमी दिसली. पुरावा पक्का नाही, असं त्या अभ्यासकांनीच नमूद केलं आहे. तरी मला "आज रात्रीपासून घ्या" या तीन शब्दांचा आधार वाटला.

इथे जरा थांबून दुसरी एक गोष्ट सांगते, कारण हे लिहायला बसले ती तिच्यामुळेच. गेल्या महिन्यात आमच्याकडे अक्षरजुळणी करणाऱ्या ताईंचा रात्री साडेदहाला फोन आला. त्यांची सून अकरा आठवड्यांची गरोदर. टॉर्चमध्ये टॉक्सोचं आयजीएम पॉझिटिव्ह आलं होतं आणि एका डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगून टाकलं होतं, "रिस्क नको, खाली करून घ्या." ताई रडत होत्या. मी एकच विचारलं, आयजीजी किती आहे? तेही पॉझिटिव्ह होतं. मी त्यांना माझ्या डॉक्टरांकडे धाडलं.

आयजीएम हे नुसतं दाखल्यासारखं आहे, त्यावर तारीख नसते. ते लागणीनंतर महिनोन्‌महिने, काही जणींमध्ये वर्षानुवर्षं रक्तात राहतं. कधी कधी तर मुळातच खोटं पॉझिटिव्ह येतं. तारीख काढायला आयजीजी ॲव्हिडिटी नावाची तपासणी आहे. लागण नवी असते तेव्हा आयजीजीची परजीवीवरची पकड सैल असते. महिने जातात तशी ती घट्ट होते. पकड घट्ट आली, म्हणजे ॲव्हिडिटी जास्त आली, तर लागण होऊन साधारण चार महिने तरी उलटले. ताईंच्या सुनेची ॲव्हिडिटी जास्त आली. अकराव्या आठवड्यात चार महिन्यांपूर्वीची लागण, म्हणजे दिवस राहण्याच्याही आधीची. बाळाला भीती नाही. (ॲव्हिडिटी कमी आली म्हणजे लागण नवीच, असं मात्र नाही. काहींची पकड कितीतरी काळ सैलच राहते.) त्या दोन मिनिटांच्या सल्ल्यावर त्यांनी पाऊल उचललं असतं तर? हा विचार अजून मला सोडत नाही. एका आयजीएमच्या कागदावर गर्भपात सुचवणं हे माझ्या मते अक्षम्य आहे.

माझ्या बाबतीत तारीख माहीत होती. बाळापर्यंत पोचलंय का, एवढंच कळायचं होतं. त्यासाठी गर्भजल काढून त्याची पीसीआर, म्हणजे परजीवीचा डीएनए शोधणारी तपासणी करतात. ती अठराव्या आठवड्याच्या आधी करत नाहीत आणि लागणीनंतर निदान चार आठवडे जाऊ देतात, नाहीतर खोटं निगेटिव्ह येऊ शकतं. आम्ही चोविसाव्या आठवड्यात केली. आधी गर्भलिंगनिदान कायद्याखालचा फॉर्म जी भरून द्यावा लागला. मग सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत डॉक्टरांनी सुई घातली. पडद्यावर बाळाने हात तोंडाशी नेलेला, आणि त्याच्यापासून दोन बोटांवर ती पांढरी रेघ. मी श्वास धरून ठेवला होता. सिरिंजमध्ये आलेलं पाणी कोमट ताकाच्या निवळीसारखं फिकट पिवळसर होतं.

रिपोर्ट आठ दिवसांनी आला. पॉझिटिव्ह.

घरात, माहेरी, फोनवर सगळीकडून एकच सूर लागला, की अजून वेळ गेलेली नाही. कोणी वाईट बुद्धीने बोलत नव्हतं. पण डॉक्टरांनी मला सोनोग्राफीच्या खोलीत बसवून दाखवलं होतं. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या मापात आहेत, कुठे चुन्याचे ठिपके नाहीत, यकृत मोठं नाही, वाढ बरोबर आहे. "लागण झाली याचा अर्थ इजा झाली असा नाही," त्या म्हणाल्या. "आता औषध बाळाला द्यायचंय, फक्त तुमच्या तोंडातून." आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "गोळ्यांच्या वेळा मला लिहून दे."

नवी चिठ्ठी तीन औषधांची होती. पायरीमेथामाइन, सल्फाडायझिन आणि फोलिनिक ॲसिड. पहिली दोन वारेपलीकडे जातात आणि परजीवीचा फोलेटचा (वाढीला लागणाऱ्या एका जीवनसत्त्वाचा) कारखाना दोन वेगवेगळ्या जागी बंद पाडतात. नवरा दोन दुकानं फिरला, नाही मिळाली. शेवटी आम्ही दोघं सदाशिव पेठेतल्या औषधांच्या घाऊक दुकानांकडे गेलो. एका ठिकाणी फोनाफोनी करून पहिली दोन जमली. तिसरं त्यांच्याकडे होतंच. काउंटरवरच्या दादांनी पाकीट भरून पुढे केलं.

माझी सवय अशी की हातात आलेलं छापील मी वाचल्याशिवाय पुढे देत नाही. तिथेच उभ्याने चिठ्ठीशी एकेक नाव ताडून बघितलं. तिसऱ्या स्ट्रिपवर होतं फोलिक ॲसिड. चिठ्ठीवर होतं फोलिनिक. मधला एक 'नि' कमी.

"दादा, हे वेगळं आहे."

"नाही हो ताई, गरोदर बायकांना हेच देतो आम्ही. रोज शंभर पट्ट्या जातात."

ते खरंच बोलत होते. मीही सुरुवातीचे महिने तीच गोळी घेतली होती. पण मी डॉक्टरांना फोन लावला आणि त्या जवळजवळ ओरडल्याच, "नाही, नाही, फोलिक नको. ल्युकोव्होरिन मागा, फोलिनिकचंच दुसरं नाव ते." पायरीमेथामाइन परजीवीबरोबर माणसाच्या अस्थिमज्जेलाही त्रास देतं, रक्तातल्या पेशी उतरतात. त्यावर उतारा म्हणून फोलिनिक देतात. ते आधीच तयार रूपात असतं, आपल्या पेशी थेट वापरतात. साधं फोलिक आधी त्याच विकरातून जावं लागतं जे या औषधाने बंद पाडलेलं असतं. म्हणजे आईला संरक्षण मिळत नाही, शिवाय औषधाचा जोर कमी होण्याचा धोका. दादांनी फोन माझ्या हातातून घेऊन स्वतः ऐकलं, स्ट्रिप परत घेतली, आणि संध्याकाळी सहाला ल्युकोव्होरिन घेऊन त्यांचा माणूस आमच्या दारात उभा होता. त्यानंतर शेवटपर्यंत आमची सगळी औषधं त्यांच्याचकडून आली.

पुढचे महिने गोळ्यांचे होते. सल्फाडायझिनच्याच दिवसाला आठ. त्यांचे लघवीत खडे धरू नयेत म्हणून पाणी सतत प्यायचं. सासूबाईंनी तांब्याचा एक हंडा बाजूला काढला होता, तो रात्रीपर्यंत रिकामा झाला पाहिजे असा त्यांचा नियम. दर आठवड्याला रक्ततपासणी, दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी. फ्रान्समधल्या एका चाचणीचा निकाल २०१८ साली प्रसिद्ध झाला. तिथे गरोदर बायकांचे दोन गट केले होते. या जोडऔषधाच्या गटात १८.५ टक्के बाळांना लागण झाली, स्पायरामायसिनच्या गटात ३० टक्के. बायका कमी असल्याने हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. पण सोनोग्राफीत मेंदूवर खुणा दिसलेली बाळं जोडऔषधाच्या गटात एकही नव्हती. नवऱ्याने ते वाक्य छापून फ्रिजवर लावलं होतं.

जूनच्या पहिल्या पावसात चिऊ झाली. दोन किलो आठशे. टाळूतून मेंदूची सोनोग्राफी चांगली, कानांची तपासणी चांगली. उजव्या डोळ्याच्या पडद्यावर, अगदी कडेला, एक छोटा व्रण होता. नजरेच्या केंद्रापासून लांब. डोळ्यांच्या डॉक्टरांनी कागदावर गोल काढून मला तो ठिपका दाखवला. तो कागदही फाइलीत आहे.

बाळाचे औषध वर्षभर चालतं, हे मला माहीत होतं. सासूबाईंना नव्हतं. त्यांनी माझ्या सातव्या महिन्यातच सहाण घासून ठेवली होती, बाळगुटीसाठी. हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, सगळं एका डबीत. बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं, गुटी नाही, मधही नाही, फक्त आईचं दूध आणि औषध. मला वाटलं आता वाद होणार. त्यांनी डबी उचलून वरच्या फळीवर ठेवली. नंतर वर्षभरात त्या बाईंनी एक डोस चुकवला नाही. औषधाची पुडी साखरेच्या पाकात कालवून, सुईविना सिरिंजमध्ये रेघेपर्यंत ओढून, चिऊच्या गालाच्या आतल्या बाजूने थेंब थेंब सोडायच्या. हळकुंडाचे दोन वेढे आणि वेखंडाचा एक, हे जितक्या काटेकोरपणे त्यांनी माझ्या नवऱ्याला दिलं असेल, तितक्याच काटेकोरपणे. पाचव्या महिन्यात चिऊच्या पांढऱ्या पेशी फार उतरल्या, तेव्हा डॉक्टरांनी पायरीमेथामाइन काही दिवस थांबवलं. ते दिवस त्या रोज सकाळी विचारायच्या, "आज सुरू करायचं का?"

वर्ष पुरं झालं त्या दिवशी त्यांनी ती सिरिंज फेकली नाही. गुटीच्या डबीत ठेवली.

औषध थांबलं तरी डोळ्यांची तपासणी थांबत नाही. जन्मतः शांत असलेला व्रण पुढे कितीही वर्षांनी पुन्हा पेटू शकतो, दुसऱ्या डोळ्यात नवा येऊ शकतो. जन्मतः अगदी निरोगी दिसणाऱ्या बाळांनाही हे होऊ शकतं, म्हणून त्यांनाही वर्षभर औषध आणि पुढे तपासणी लागते. आम्ही दर सहा महिन्यांनी जातो.

परवा गेलो होतो. चिऊ आता पावणेतीन वर्षांची आहे. तक्त्यावर अक्षरं नसतात तिच्या वयाला, चित्रं असतात. डॉक्टरांनी तिचा डावा डोळा झाकला. मी मागे भिंतीला टेकून उभी होते. वरची ओळ मोठी, खाली खाली बारीक होत गेलेली. ती बोट दाखवत म्हणत गेली, "घल. सफलचंद. गोल. घल." खालून दुसऱ्या ओळीपर्यंत एकही चुकली नाही. मग डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या झाल्या, व्रण होता तिथेच आणि होता तेवढाच निघाला. परत येताना तिला ऊन सोसेना, म्हणून रिक्षात आजीने तिच्या डोक्यावरून पदर घेतला. तिथून आतून आवाज आला, "आजी, मला गाजल."

घरी आल्यावर सासूबाईंनी गाजर नळाखाली धरलं, नखाने खाचेतली माती काढली, पुन्हा धुतलं, सोललं, आणि मग तिच्या हातात दिलं.